ब्रॉडवेची गाणी आणि फ्रँक सिनात्रा

प्रश्न: अमेरिकन गायक सिनात्राने १९५३ नंतर कॅपिटॉल या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी गायिलेली ब्रॉडवेची, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरील संगीतिकांची, गाणी मी सध्या ऐकत आहे. मूळ संगीतिकेतील प्रसंग ठाऊक नसतानाही ती स्वयंपूर्ण वाटतात, ते कशामुळे?

पहिले उत्तर: त्या काळच्या नाट्यगीतांना बहुधा एक प्रास्ताविक कडवे असे, ज्यातून पात्र संवादाकडून गाण्याकडे वळे, सिनात्रा ते पुष्कळदा गाळतो. संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हार्ट यांचे ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ १९३७ च्या ‘बेब्स इन आर्म्स’ या संगीतिकेत एका तरुणीच्या तोंडी आहे आणि व्हॅलेंटाइन हे तिच्या प्रियकराचे नावच आहे. सिनात्राच्या १९५४ च्या तबकडीत ते कडवे नाही, म्हणून नावाचे केवळ प्रेमळ संबोधन होते. मला हा बदल फार हृद्य वाटतो.

दुसरे उत्तर: श्वासाकडेही आपण लक्ष द्यावे. टॉमी डॉर्सीच्या वाद्यवृंदात गात असताना डॉर्सीच्या ट्रॉम्बोन या फुंकवाद्याच्या वादनातून सिनात्राने दीर्घ, अखंड ओळ घेण्याची रीत आत्मसात केली, आणि त्यामुळे कवितेचे वाक्य अर्थाच्या मध्येच तुटत नाही.

तिसरे उत्तर: ‘लक बी अ लेडी’ अवश्य ऐकावे. ते ज्या संगीतिकेतले आहे त्या ‘गाइज अँड डॉल्स’च्या १९५५ च्या चित्रपटात सिनात्रा स्वतः होता, पण हे गाणे सहअभिनेता मार्लन ब्रँडोच्या वाट्याला गेले. सिनात्राने ते १९६३ मध्ये स्वतःच्या रिप्रीज कंपनीसाठी मुद्रित केले आणि पुढे ते त्याचेच म्हणून ओळखले गेले.