अनुभव धागा : घोडे, धूळ आणि आपला विदर्भ

खामगाव, जि. बुलढाणा (धागा काढणारा)

मंडळी, हा धागा फक्त वेस्टर्न पिक्चरसाठी. सगळं हॉलिवूड नको. घोडे, लाकडी घरांचं गाव, नुकतेच पडलेले रेल्वेचे रूळ आणि कायदा अजून पोचायचा आहे असा मुलूख, एवढंच. या पिक्चरच्या कॅमेऱ्यावर, संगीतावर जाणकारांनी भरपूर लिहिलंय. मला आपल्या इकडच्या माणसाचं ऐकायचंय. कोणता पाहिला, कुठं बसून पाहिला आणि त्यातलं काय तुमच्या घरापर्यंत आलं? सुरुवात मी करतो.

'द गुड, द बॅड अँड द अग्ली' मी गणपतीत पाहिला. वर्गणी काढून आणलेला व्हीसीआर, मंडपात सतरंज्या, रात्रीचे दोन वाजलेले. इंग्रजी एकाला कळत नव्हतं. पण संगीतकार एन्नियो मॉरिकोनेची ती सुरावट सुरू झाली, शिवारात कोल्हे कुई घालतात तशी, आणि झोपलेली पोरं उठून बसली. पुढं वाचलं तेव्हा कळलं की 1966 चा, अमेरिकेत घडणारा हा पिक्चर स्पेनमध्ये काढलेला आहे, दिग्दर्शक सर्जिओ लिओने इटलीचा, त्याला इंग्रजी जेमतेम, आणि सेटवर जो तो आपापल्या भाषेत बोलायचा. आवाज नंतर भरले. आम्ही भाषेवाचून पाहिला तो तसा पाहण्यासारखाच होता.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. त्यामुळं त्यातल्या सोन्याच्या पेटीपेक्षा पूल माझ्या मनात जास्त राहिला. एका पुलासाठी दोन्हीकडचे सैनिक रोज मरताहेत. ती अमेरिकेची यादवी, 1861 ते 1865. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, कापूस बाहेर पडेना, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या आणि इंग्रजांची नजर आपल्या वऱ्हाडावर गेली. भाव चढले. आमच्या जुन्या वाड्याच्या माडीला आजी 'तेजीतली माडी' म्हणायची. त्या तेजीचा अर्थ मला बी.ए.ला असताना लागला. तिकडं युद्ध थांबलं आणि इकडं भाव कोसळले. तोवर रूळ पडत होते. 1867 मध्ये गाडी नागपूरला पोचली, 1870 मध्ये खामगावची शाखा झाली, ती कापसासाठीच. क्लिंट ईस्टवुड त्या पुलाजवळ मरणाऱ्या सैनिकाच्या अंगावर आपला कोट घालतो ना, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आमची माडी येते. ती कोणाच्या मरणावर चढली, हे मला त्या पिक्चरनं दाखवलं.

आता तुम्ही लिहा.

दारव्हा, जि. यवतमाळ

गुरुजी, रुळांवरूनच पुढं नेतो. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट', 1968, दिग्दर्शक पुन्हा लिओनेच. सुरुवातीला तीन बंदूकवाले स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसलेत. संगीत नाही. पवनचक्की करकरतेय, एकाच्या टोपीवर पाणी ठिबकतंय, एकाच्या तोंडावर माशी बसलीय. गाडी काही येत नाही.

आमची 'शकुंतला' गाडी ज्यांनी पाहिली त्यांना हे वेगळं समजवायला नको. मूर्तिजापूर-यवतमाळ, अरुंद रूळ, कापूस न्यायलाच टाकलेले. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत ओढत होतं. गार्डच तिकीट फाडायचा. मोतीबाग स्टेशनावर मी आजोबांसोबत तासन्‌तास बसलोय. बाकाखाली कुत्रं, निंबाखाली पाण्याचा रांजण, त्यावरचा जर्मनचा गिलास साखळीनं बांधलेला. कोणी बोलत नसे. बोलायला काही नसायचं असं नाही, पण उन्हात तोंड उघडवत नाही.

पोरगा म्हणाला, "बाबा, यात काहीच होत नाही, पुढं ढकला." मी ढकलू दिलं नाही. गाडी आली आणि गेल्यावर रुळांपलीकडं चार्ल्स ब्रॉन्सन माउथ ऑर्गन वाजवत उभा दिसला, तेव्हा तोच पोरगा सरळ झाला. आता ती गाडी बंद आहे. रुळांत तरोटा माजलाय.

वणीजवळचं एक गाव, जि. यवतमाळ

मी बाई माणूस, या धाग्यावर लिहावं की नाही असा विचार केला नाही. मला 'हाय नून' बद्दल सांगायचंच आहे.

आमच्या गावातलं दारूचं दुकान बंद करायला आम्ही बचत गटाच्या बाया उठलो होतो. मतदान असतं त्याला. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. गावातल्या एकूण बाई मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी घरी बसली ती दुकानाच्याच बाजूनं गेली असं समजा. म्हणून आम्ही दारोदार फिरलो. एका घरासमोर उभी होते. दाराच्या फटीतून खाटेवरचे पाय दिसत होते. आतून बाई आली, पदर सावरत म्हणाली, "हे घरी नाहीत, वावरात गेले." आणि ती माझ्याकडं पाहीना. वर्षभर एका गटात बसलेली बाई.

त्यानंतर दोनेक वर्षांनी भाच्यानं लॅपटॉपवर 'हाय नून' लावला. 1952 चा, काळा-पांढरा. मार्शलचं, म्हणजे गावच्या पोलीस अधिकाऱ्याचं, काम गॅरी कूपरनं केलंय. दुपारी बाराच्या गाडीनं त्याचा वैरी येणार आहे, म्हणून तो गावात माणसं जमवत फिरतो. एका मित्राच्या दाराशी जातो. मित्र आत लपलाय आणि बायकोला सांगायला लावतो, घरी नाहीत म्हणून. ती सांगते आणि तिची नजर खाली जाते.

मी भाच्याला म्हटलं, थांबव. पाणी प्यायले, मग पुढं पाहिला.

त्यातलं आभाळ पाहा. पांढरंफटक, एक ढग नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा असंच आभाळ दिसतं. कॅमेरावाल्या फ्लॉइड क्रॉस्बीनं ते मुद्दाम तसं ठेवलं, जुन्या यादवीतल्या फोटोंसारखं, हे भाच्यानं वाचून दाखवलं. आणि शेवटी मार्शलच्या मदतीला येते ती त्याची नवी नवरी. बंदुकीला हात न लावणाऱ्या पंथाची पोर. गावातला एकही बाप्या येत नाही. आमची बाटली आडवी झाली, तीही सासवा-सुनांनी हात धरून रांगेत उभं राहून केली.

दर्यापूर, जि. अमरावती

वणीच्या ताई, तुमचं वाचून आंगावर काटा आला.

मले 'शेन' आवडते. पोरानं मोबाइलवर लावून देल्ला, रात्री जागलीवर पायला. हरबरा होता वावरात आन् रानडुकरं येऊन राहिले होते. त्या पिच्चरमंदी एक मोठ्ठं बुड हाये, जुन्या झाडाचं, अंगणात. शेन नावाचा पाहुणा आन् घरधनी दोघं कुऱ्हाडी घेऊन त्याले भिडतात. घरधन्याची बायको म्हन्ते, जनावरं जुपा नं. तो म्हन्ते नाही, हे आपल्याच जोरानं काढाचं. माह्या बापानं धुऱ्यावरचं बाभयीचं बुड असंच काढलं होतं, तीन दिवस. बैल गोठ्यात उभे होते. काहून, तं बैलाले नांगरटीचं काम होतं, त्याईले थकवाचं नाही. मी डाब्याले होतो, धोंडा सरकवाले.

आता भांडणाचं. तिथला ढोरंवाला रायकर म्हन्ते, मी ह्या मुलखात पयले आलो, रान माह्या ढोराचं. शेतकरी म्हन्तात आमी पेरलं, आमचं. मी शेतकरी हावो, तरी मले रायकरचंबी पटते. माहा मामा गावचा ढोरकी होता. गावच्या ई-क्लासमंदी, म्हंजे सरकारी चराईच्या रानात, दोनशे ढोरं चारे. हयूहयू ई-क्लास लोकाईनं वाहतीत घेतली. मंग ढोरं वावरात शिरले का मामालेच शिव्या, ढोरं कोंडवाड्यात. मामानं काठी टाकून देल्ली आन् तो सुरतेले गेला. म्हनून मी पोराले म्हनलं, ह्या पिच्चरमंदी वाईट मानूस शोधू नको, जमीन कमी पडली ते पाय.

वरोरा, जि. चंद्रपूर

मला हे पिक्चर आवडत नाहीत. शेवटी बंदूक काढली की प्रश्न सुटला, हेच पोरांच्या डोक्यात जातं. आमच्या वस्तीत गावठी कट्टे आलेत. मला त्याची भीती वाटते.

खामगाव (धागा काढणारा)

वरोऱ्याचे भाऊ, तुमची भीती खरी आहे. बरेचसे वेस्टर्न तसेच आहेत हेही मान्य. पण दर्यापूरकरांनी सांगितलेला 'शेन' तुम्ही एकदा बघाच. त्याचा दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स दुसऱ्या महायुद्धात सैन्यासोबत चित्रीकरण करत होता, नाझींची डाखाऊची छळछावणी त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. परत आल्यावर 1953 मध्ये हा पिक्चर आला. त्यात एक गरीब शेतकरी चिखलात गोळी खाऊन पडतो. नटाला तारेनं मागं ओढून तो धक्का दाखवलाय, आणि गोळीचा आवाज इतका मोठा ठेवलाय की आपण दचकतो. त्या माणसाचा देह चिखलात तसाच पडलेला दिसतो. ते पाहून कोणाला कट्टा हातात घ्यावासा वाटेल असं मला नाही वाटत.

गडचिरोली जिल्हा, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

'मॅकेनाज गोल्ड'. नागपूरला शिकत होतो तेव्हा चार वेळा पाहिला. सगळ्यांना त्यातली सोन्याची दरी आठवते, सूर्य उगवताना सुळक्याची सावली लांबत जाते ती. मला सुरुवात आठवते. लाल कड्यांवर एक गिधाड पंख न हलवता तरंगतंय आणि त्याच्यावरच गाणं चाललंय. मी शेजारच्याला म्हणालो होतो, यात काय दाखवायचं, आमच्या ढोरफोडीवर रोज चाळीस बसतात.

नोकरी लागली. बैल लंगडला, गाय आंबली, की डायक्लोफिनॅक टोचायचं. जनावराला तासाभरात आराम पडे, शेतकरी हात जोडे. तेच औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जात होतं आणि त्याची किडनी निकामी करत होतं. आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं देशात दीड दशकात 99 टक्क्यांहून जास्त घटली. 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. ढोरफोडीवर आता फक्त कुत्री असतात.

माझ्या हातून किती इंजेक्शनं गेली याचा हिशेब मी रात्री लावत बसतो. आमच्या जिल्ह्यात वनविभागानं गिधाडांसाठी औषध न टोचलेली मेलेली जनावरं टाकायच्या जागा केल्या, तिथं मी निवृत्तीनंतर जाऊ लागलो. एकदा सकाळी सहा बसलेली दिसली. मागच्या महिन्यात नातवासोबत तो पिक्चर परत लावला. सुरुवातीचं ते गाणं संपलं आणि मी बंद केला. पुढचं सोनं बघायची इच्छा नव्हती.

एटापल्लीकडचा, सध्या नागपूरला शिकायला

काकाजी, तुम्ही भामरागडकडं असता तर माझ्या बाबांना ओळखलं असतं.

मी गोंड आहे. वेस्टर्न पाहताना तुम्ही सगळे घोड्यावरच्या माणसाच्या बाजूनं बसता. मी कोणाच्या बाजूनं बसू? 'द सर्चर्स' हा फार मोठा पिक्चर मानतात, 1956 चा, जॉन फोर्डचा. त्यातले कोमांची आदिवासी प्रत्यक्षात दुसऱ्याच जमातीचे, नवाहो आहेत, आणि त्यांचा सरदार झालेला हेन्री ब्रँडन जर्मनीत जन्मलेला गोरा नट. हॉस्टेलच्या स्नेहसंमेलनात आम्हाला पानं गुंडाळून 'हुर्र हुर्र' करत नाचायला लावलं होतं, ते आठवलं. आमच्या गावात कोणी पानं गुंडाळत नाही. रेला नाचताना अंगात स्वच्छ धुतलेला कपडा असतो.

पण 'डान्सेस विथ वुल्व्ज' मध्ये तिथले लकोटा आदिवासी लकोटा भाषेत बोलतात. जोक होतात, भांडणं होतात, नवरा बायकोशी रात्री हळू बोलतो. त्याला सात ऑस्कर मिळाले. हिरो गोराच आहे, ते मला खटकतं. तरी ती भाषा इतका वेळ पडद्यावर ऐकून मी आईला फोन केला आणि अर्धा तास गोंडीत बोललो. रूममेट म्हणाला, तू इतका हसतोस हे माहीत नव्हतं.

आर्वी, जि. वर्धा

माझं छोटं आहे, पण आईसाठी लिहितो.

जत्रेत टुरिंग टॉकीज यायची. मध्ये पिक्चरचा पडदा, पुढं बाप्ये, मागं बाया. आई मागं बसायची, मी बाबांजवळ पुढं. एका वर्षी घोड्यांचा इंग्रजी पिक्चर लागला. नाव कोणाला माहीत नव्हतं. त्यातला एक टकला, काळ्या कपड्यांचा माणूस आम्हा सगळ्यांना आवडला. आई म्हणायची, "काय डावखुरा होता तो, डाव्या हातानं बंदूक काढे." मी म्हणायचो उजव्या. पन्नास वर्षं आमचं हे चाललंय. बाबा गेले, त्यांच्या तेरवीलाही यावरून शब्दाला शब्द लागला आणि मग आम्ही दोघंही रडलो.

हा धागा वाचता वाचता कोणीतरी 1960 च्या 'द मॅग्निफिसंट सेव्हन' चा फोटो पाठवला. तोच तो, युल ब्रिनर. जपानच्या 'सेव्हन समुराई' वरून काढलेला पिक्चर, हे आता कळलं. रात्री मोबाइलवर लावला आणि आईला दाखवला. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हा तो नाही. तो डावखुरा होता."

मग माझ्या लक्षात आलं. मी मोबाइल घेऊन लोखंडी कपाटाच्या आरशासमोर उभा राहिलो आणि आईला म्हटलं, इथं पाय. तिनं चष्मा पुसला. आरशातल्या ब्रिनरनं डाव्या हातानं बंदूक काढली.

"हां," आई म्हणाली. "हाच. तुह्या बाबाले दाखवाले पाह्यजे होता."