तीन मारियांचा खटला: पुस्तकानं हुकूमशाहीचं काय बिघडतं?

अनवट_पाने

हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालमध्ये राजवटीविरुद्ध कोण लढलं म्हटलं की कम्युनिस्ट, विद्यार्थी आणि शेवटी बंदुकीच्या नळीत कार्नेशनची फुलं खोचलेले सैनिक, एवढी नावं घेतली जातात. मला यात तीन बायका आणि त्यांचं एक पुस्तक घालायचं आहे, तेही पहिल्या रांगेत. वाद होणार हे गृहीत धरूनच लिहितेय.

मारिया इझाबेल बारेनो, मारिया तेरेझा ऑर्ता आणि मारिया वेल्यु द कॉश्ता. पुस्तक 'नवी पोर्तुगीज पत्रं', साल १९७२. सालाझार तोवर गेला होता, गादीवर कायतानु होता, बाकी कारभार तोच. पुस्तकाला आधार एका जुन्या गोष्टीचा. बेजा गावातल्या मठातली मारियाना नावाची नन, तिला सोडून गेलेला फ्रेंच अधिकारी, आणि तिनं त्याला लिहिली म्हणून १६६९ मध्ये पॅरिसला छापलेली पाच पत्रं. (ती एका फ्रेंच पुरुषानंच रचली असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. बाईचं दुःखसुद्धा पुरुषानंच लिहायचं!) या तिघींनी मारियानाला हाताशी धरून तिच्या नावाच्या कितीतरी बायका उभ्या केल्या: मारिया आना, आना मारिया, शतकाशतकांतल्या. त्यातलं एक पत्र खेड्यातल्या बाईचं आहे. तिचा नवरा बारा वर्षं कॅनडात. आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींमधल्या युद्धावर गेलेल्या पोरांचीही पत्रं आहेत. प्रत्येक मजकुराला तारीख आहे, लेखिकेचं नाव कुठेच नाही.

पुस्तक बाजारात येताच जप्त झालं. आरोप अश्लीलतेचा आणि सार्वजनिक नीतिमत्तेला बाधा आणल्याचा. तपास राजकीय पोलिसांकडे गेलाच नाही, नीतिमत्तेच्या गुन्ह्यांचं खातं होतं त्यांच्याकडे गेला, म्हणजे वेश्याव्यवसायाच्या केसेस बघणाऱ्यांकडे. तिघींना वेगवेगळं बसवून एकच विचारलं: कुठला उतारा कुणाचा? तिघींनीही सांगितलं नाही. कोर्टात नाही, नंतरही नाही. ऑर्ता २०२५ च्या फेब्रुवारीत गेल्या, तिघींतल्या शेवटच्या. गुपित त्यांच्याबरोबर गेलं. कुणाला शिक्षा द्यायची हेच सरकारला ठरवता येऊ नये, यापरता मोठा प्रतिकार मला तरी दिसत नाही.

खवचट_काका

लेख आवडला, निष्कर्ष नाही. तारखा बघा. खटला १९७३ च्या ऑक्टोबरात उभा राहिला आणि लांबत गेला. २५ एप्रिल १९७४ ला लष्करातल्या कॅप्टन मंडळींनी राजवट उलथवली. ७ मे ला निकाल लागला: हे अश्लील नाही, साहित्य आहे. बारा दिवसांत न्यायदेवतेला साहित्य कळायला लागलं! तेव्हा पुस्तकानं राजवट हलवली नाही, राजवट पडली म्हणून पुस्तक सुटलं.

आणि ती पडली कशानं? अंगोला, गिनी, मोझांबिक. तेरा वर्षं चाललेली युद्धं, तीही जिंकता न येणारी. सैनिकच कंटाळले. त्या वेळी पोर्तुगालात चारातला एक माणूस निरक्षर होता. खेड्यातली ती मारिया आना हे पुस्तक वाचणार होती का? लिस्बनच्या सुशिक्षित बैठकांमध्ये खळबळ उडाली असेल, तिला क्रांतीच्या रांगेत कशाला बसवायचं?

अनवट_पाने

काका, पुस्तकानं राजवट पाडली असं मी म्हटलेलंच नाही. राजवट कशावर उभी होती ते पुस्तकानं बरोबर दाखवलं, असं म्हटलंय.

१९३३ ची त्यांची राज्यघटना घ्या. कायद्यापुढे सगळे समान, फक्त स्त्रियांच्या बाबतीत 'तिच्या निसर्गातून आणि कुटुंबाच्या हितातून येणारे फरक' वगळून. शाळेतल्या बाईंना लग्न करायचं तर सरकारची परवानगी. नवऱ्याच्या संमतीशिवाय परदेशी जायचं नाही, हे १९६९ पर्यंत. कुटुंबाचा प्रमुख नवरा, राष्ट्राचा प्रमुख सालाझार, आणि दोन्हीकडे उलट बोलायची सोय नाही. अशा ठिकाणी बाईनं स्वतःच्या शरीराबद्दल स्वतःच्या तोंडानं बोलणं हाच राजकीय गुन्हा. सरकारनं त्याला अश्लीलता म्हटलं कारण राजकारण म्हणायची लाज वाटली.

हे काही एकदाच घडलेलं नाही. नातालिया कुर्रैया यांनी १९६६ मध्ये पोर्तुगीज शृंगारिक आणि उपरोधिक कवितांचं संकलन काढलं, तेव्हा तेच. त्यांना तीन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. आणि याच बाईंनी पुढे एका प्रकाशनसंस्थेत बसून तीन मारियांचं पुस्तक एकही ओळ न कापता छापून आणलं. ऑर्तांचा १९७१ चा कवितासंग्रह बंदीत गेला आणि त्यावरून त्यांना भर रस्त्यात मारहाण झाली. तिघींनी मिळून लिहायचं ठरवलं ते या मारहाणीनंतर. एकटीला झोडता येतं, तिघींतली नेमकी कोण हेच कळलं नाही तर झोडणार कुणाला?

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितोय, त्यामुळे थोडं तिखट वाटलं तर चालवून घ्या. आमच्याकडे सालाझारचा सेन्सॉर लग्नपत्रिकासुद्धा तपासून द्यायचा. सुधाताई जोशी, संस्कृतीकोशकार महादेवशास्त्रींच्या पत्नी, १९५५ मध्ये म्हापशाला गोवा नॅशनल काँग्रेसच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष झाल्या म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं, काही वर्षं ठेवलं. त्याच वर्षी लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई जंगलातून गुप्त रेडिओ चालवू लागले, कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. सालाझारला त्याच्याच भाषेत ऐकवणारी पहिली बाई आमच्यासाठी ही. तिनं पुस्तक लिहिलं नाही म्हणून साहित्याच्या चर्चेत ती येत नाही, एवढंच.

आता माझा खरा आक्षेप. तीन मारियांसाठी सिमोन द बोव्हुआर, मार्गरीत द्युरास या फ्रेंच लेखिका उभ्या राहिल्या. १९७३ मध्ये बॉस्टनजवळ जगभरच्या स्त्रीवाद्यांची परिषद झाली, तिथं त्यांचा विषय गाजला. चांगलं झालं. पण मोझांबिकची नोएमिया द सोझा? १९४८ ते ५१ या काळात तिच्या कविता हातोहात फिरत होत्या, मग तिला देश सोडावा लागला, पुस्तक निघालं २००१ मध्ये! आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावरची आल्दा दु इश्पिरितु सांतु? १९५३ च्या फेब्रुवारीत तिथल्या बातेपाला पोर्तुगीज गव्हर्नरच्या माणसांनी कत्तल केली, त्यावर तिनं 'वेडाच्या या वाऱ्यात ज्यांची शिकार झाली ती माणसं कुठे आहेत' असं विचारणारी कविता लिहिली. तिला १९६५ मध्ये तुरुंगवास झाला. पॅरिसमध्ये कोणी मोर्चा काढला? त्या देशाचं राष्ट्रगीत नंतर तिनंच लिहिलं, म्हणजे कमी दर्जाची कवी होती असंही नाही. काळ्या बाईच्या कवितेला पॅरिस ऐकत नव्हतं.

अनवट_पाने

हे पटतं, आणि म्हणूनच काकांचं पटत नाही. काका म्हणतात राजवट आफ्रिकेनं पाडली. मग आफ्रिकेतला आवाज कुणी लिहून ठेवला? नोएमिया आणि आल्दानंच ना?

उलटे_पान

'बायका लिहितात म्हणजे प्रतिकार' हे गृहीतकच मला खटकतं. ब्राझील बघा. राशेल दे केरोझ. १९३७ मध्ये वार्गासच्या राजवटीत बाई तुरुंगात, पुस्तकांची होळी झाली. आणि १९६४ ला लष्करानं सत्ता घेतली तेव्हा याच बाईंचा उघड पाठिंबा लष्कराला! १९७७ मध्ये ब्राझीलच्या साहित्य अकादमीत गेलेली पहिली स्त्रीही त्याच. त्याच वर्षी लिजिया फागुन्देस तेलेस, नेलिदा पिन्योन वगैरे मंडळी सेन्सॉरशिपविरुद्ध हजारेक सह्यांचं निवेदन घेऊन ब्राझिलियात मंत्रालयाच्या दारात. दोन्ही लेखिका, दोन्ही मोठ्या. लिजियांच्या १९७३ च्या कादंबरीत राजकीय कैद्याला केलेल्या छळाचं वर्णन सरळ छापून आलंय. सांगतात की सेन्सॉर कंटाळून त्या पानापर्यंत पोचलाच नाही. खरं-खोटं काहीही असो, सेन्सॉरबद्दलचं माझं मत त्यानं पक्कं झालं.

खवचट_काका

बघा, म्हणजे आळशी सेन्सॉर हाच खरा स्वातंत्र्यसैनिक.

उलटे_पान

काका, हसू नका, पुढचं ऐका. यात तुमचाही मुद्दा अडकतो. राजवट पडली आणि प्रश्न मिटला, असं तुम्ही सुचवताय. १३ जानेवारी १९७५, लिस्बनचं एदुआर्दु सातवा उद्यान. क्रांतीला नऊ महिने झालेले. ऑर्ता, बारेनो आणि त्यांच्या सोबतिणींच्या नव्या स्त्रीमुक्ती संघटनेनं छोटं निदर्शन ठेवलं होतं. एक बाई नवरीच्या वेशात, एक गृहिणीच्या, एक मादक 'व्हॅम्प'च्या. आधीच वावड्या उठल्या होत्या की बायका कपडे उतरवणार. पुरुषांचा जमाव आला, हाका मारत, अंगावर धावत. हे सालाझारचे लोक नव्हते, क्रांती साजरी करणारं शहर होतं!

आणि १९७६ मध्ये पत्रकार मारिया आंतोनिया पाल्ला यांनी सरकारी टीव्हीवर गर्भपातावर कार्यक्रम केला. लोकशाहीतल्या त्याच पोर्तुगालनं त्यांच्यावर खटला भरला, आणि त्यातही शालीनतेला बाधा आणल्याचा आरोप होताच. १९७९ ला निर्दोष सुटल्या. बाईच्या स्वतःच्या इच्छेनं गर्भपाताला मुभा मिळाली २००७ च्या सार्वमतानंतर. मग 'हुकूमशाहीविरुद्ध प्रतिकार' या मथळ्याखाली तीन मारियांना बसवलं तर अर्धा खटला दिसतच नाही.

खवचट_काका

ठीक. पण मग धाग्याचं शीर्षक बदला. आणि नोएमियाच्या कविता इंग्रजीत कुठे मिळतील ते कुणीतरी सांगा, मांडवीकाठ यांनी नुसतं तिखट घालून सोडून दिलंय.

मांडवीकाठ

पोर्तुगीज शिका की, काका. आमच्या आज्यांना सक्तीनं शिकवली होती, तुम्ही हौसेनं शिका.