शंतनूला वयाने काय शिकवलं?

‘देखण्या रूपावर भाळणं विशीतलं, वय वाढलं की अक्कल येते’ हे काही पटलं नाही. महाभारतातला शंतनू आठवा. नदीकाठी गंगा दिसली आणि गडी विरघळला. तू कोण असशील ती अस, पण माझी हो! (आपल्याकडे स्थळ बघताना पगाराची स्लिप मागतात.) तिची अट काय, तर मी काहीही केलं तरी अडवायचं नाही, विचारायचं नाही. कबूल. सात पोरं तिने पाण्यात सोडली, हा गप्प. तोंड उघडलं ते आठव्याला.

बरं, एवढं पोळल्यावर तरी? तोच आठवा मुलगा देवव्रत (पुढचा भीष्म) युवराज झालेला, म्हणजे घरात तरणा मुलगा, आणि हे महाशय यमुनेकाठी सुगंधाचा माग काढत सत्यवतीपर्यंत. तिचाच मुलगा गादीवर बसेल, ही तिच्या बापाची, दाशराजाची अट त्याने मान्य केली नाही, तेवढं श्रेय द्यायला हवं. पण नकारही पचला नाही. घरी येऊन झुरत बसला, आणि किंमत मोजली मुलाने, जन्मभर ब्रह्मचारी राहण्याची शपथ घेऊन. त्यावर बापाने काय केलं? इच्छामरणाचा वर दिला. ‘नको रे बाळा, शपथ मागे घे’ काही तोंडून निघालं नाही.