रेड फ्लॉवरिंग करंट: छाटणी कधी, काड्या कशा लावायच्या

सिअ‍ॅटलच्या बागेतलं रेड फ्लॉवरिंग करंट (लाल फुलांचं झुडूप) जानेवारीत छाटलं आणि यंदा फुललंच नाही, असं का, असा एक प्रश्न आलाय. छाटणीच नडली. याच्या कळ्या गेल्या वर्षीच्या फांद्यांवर हिवाळ्याआधीच धरलेल्या असतात, त्या कात्रीबरोबर गेल्या. छाटायचं ते बहर ओसरल्यावर लगेच, आणि तेही थोडंच: सर्वांत जुन्या, जाड एक-दोन फांद्या जमिनीलगत काढा. बाकीच्यांवरची निळसर-काळी फळं पक्ष्यांसाठी राहू द्या. गोल कातरलेलं झुडूप मला तरी या जातीवर अन्याय वाटतो.

नवी रोपं काड्यांपासून सहज होतात. पानगळीनंतर त्याच वर्षीची, पेन्सिलीएवढी जाड, 15 ते 20 सेंमीची काडी घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खनिज दाणे) मिसळलेल्या मातीत दोन-तृतीयांश पुरा. वसंतात पानं फुटली म्हणजे मुळं धरली असं नाही. काडी साठवलेल्या अन्नावरही फुटते. ओढून बघू नका, पुढच्या शरद ऋतूपर्यंत हलवू नका.

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्या, मग हात आखडता घ्या. उन्हाळाभर ओल्या चिकणमातीत मुळं कुजतात. शेजारी पाच सुयांचा (एका झुपक्यात पाच सुया असलेला) पाइन असेल तर मात्र लावूच नका. त्याला होणारा ब्लिस्टर रस्ट हा बुरशीचा रोग करंटवरून पसरतो.

नर्सरीत साध्या, एकेरी फुलांचंच रोप मागा. वसंतात उत्तरेकडे निघालेल्या रूफस हमिंगबर्डना (फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांना) मध हवा असतो, आणि दुहेरी फुलांच्या वाणाला फळंही धरत नाहीत.