"गाडी ठेवीन नाहीतर आजोबा!" : गॅरेजात राहायचं की नाही?

पार्लेकर_तळमजला
काल इथे एकाने ठणकावलंय: "गॅरेज मी विकत घेतलंय, गाडी ठेवीन नाहीतर आजोबा." टाळ्या मिळतील, पण साहेब, ती जागा पार्किंग म्हणून एफएसआयमधून, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या मोजणीतून, सुटलेली असते. पलंग टाकलात की मोजणी सुरू. परवानगीशिवाय केलंत तर मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 351ची नोटीस. राहत्या खोलीला 2.75 मीटर उंची लागते. आमच्या गॅरेजात हात वर केला की बोटं तुळईला. खिडकी? शटर अर्धं वर करायचं, तीच खिडकी.

चौपन्न_पायऱ्या
आजोबावाला मीच. माझे वडील. पॅरालिसिसनंतर दर फिजिओला चौघांनी खुर्चीसकट तीन मजले उतरवायचे, परत चढवायचे. लिफ्ट नाही. आता ते खाली असतात, शटरखालून पेपरवाल्याशी गप्पा मारतात. ज्यांनी तक्रार केली त्यांनी स्वतःची बाल्कनी हॉलमध्ये घेतलीय. ती कुठल्या एफएसआयात बसते?

मुलुंडकर
आधी सांगा, गॅरेज आहे की स्टिल्ट, म्हणजे इमारतीखालची खांबांमधली उघडी जागा? छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असतील तरच गॅरेज. स्टिल्ट बिल्डरला विकता येत नाही, 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने दहिसरच्या सोसायटीच्या केसमध्ये सांगितलंय. आमच्या बिल्डरने तरी पावती फाडलीच. त्या पावतीवर एकजण दोन गाड्या लावतो आणि माझी रस्त्यावरून टो होते!

दोन_गाड्यावाला
तो एकजण मीच, ओळखलं बरं का. पाहुण्यांच्या जागेत तुमची स्कूटर ताडपत्रीखाली सडतेय, तेही लिहा की.

मुलुंडकर
ती वडिलांची आठवण आहे. तोंड सांभाळून.

दोन_गाड्यावाला
मग आठवण घरात ठेवा. शोकेसमध्ये.

सांताक्रूझवाली
भांडा निवांत. 26 जुलै 2005 ला इथे 944 मिलिमीटर पडला, आमच्या गॅरेजात बोनेटपर्यंत पाणी. गाडीचा विमा मिळाला. तिथे अंथरुणाला खिळलेला माणूस असता तर?

चौपन्न_पायऱ्या
ताई, हे मान्य. म्हणूनच रात्री मी त्यांच्या शेजारी खाली झोपतो.

पार्लेकर_तळमजला
एवढं करण्यापेक्षा लिफ्टचा ठराव आणा ना.

चौपन्न_पायऱ्या
दोनदा आणला. "आम्हाला काय उपयोग" म्हणत कुणी पाडला, ओळखा. तळमजल्यावाल्यांनी!

पार्लेकर_तळमजला
...आमच्याकडे मीही विरोधातच हात वर केला होता. वर्गणी ऐकलीत तर तुम्हीही कराल. पण 351 ते 351च.