दफनभूमीत राखीव जागेत दुसऱ्याचं दफन झालं, कायदेशीर मार्ग कोणते? (कोल्हापूर)

बिंदूचौक:
एका ख्रिस्ती कुटुंबासाठी सल्ला हवाय. वडिलांच्या कबरीलगतची जागा आईसाठी पैसे भरून राखली होती, पावती आहे. तिथं दुसऱ्याच घरातल्या व्यक्तीचं दफन झालं. दफनभूमीची समिती तोंडी चूक मानते, लेखी देत नाही. शव हलवता येईल का? भरपाई कुठं मागायची?

पंचगंगाकाठ:
कुदळ कुणीही लावायची नाही, समिती "गुपचूप हलवून देतो" म्हणाली तरी. परवानगीशिवाय कबर उकरली तर भारतीय न्याय संहितेचं (गुन्ह्यांचा कायदा) कलम ३०१ उकरणाऱ्यावरच उलटू शकतं, १ वर्षापर्यंत कैद आहे. मूळ चुकीला मात्र ते सहसा लागत नाही. त्यात भावना दुखावण्याचा हेतू किंवा तशी जाणीव लागते, नुसता गोंधळ पुरत नाही. त्यामुळं पोलीस ठाण्याचे हेलपाटे घालण्यापेक्षा दिवाणी वकील गाठा.

आजच्या आज दफन नोंदवहीच्या त्या पानाचा फोटो, आराखड्याची प्रत आणि पावती एकत्र करा. कंपाउंडचे दोन कोपरे धरून दोन्ही कबरींची अंतरं टेपनं मोजून लिहून ठेवा. एकदा फरशी बसली, क्रूस उभा राहिला की "जागा हीच कशावरून" इथून वाद सुरू होतो. म्हणून दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या: बांधकाम नको, नोंदवहीत खाडाखोड नको. जागेच्या पाहणीसाठी कोर्ट कमिशनरही (कोर्टानं नेमलेला माणूस) मागा.

कसबाबावडा:
शव हलवण्याची आशा कमी ठेवा. मगरे प्रकरणात (२०२२) सर्वोच्च न्यायालयानं सन्मानानं दफन होण्याचा हक्क मानला, पण एकदा पुरलेलं शव बाहेर काढून मागणं हा हक्क नाही असं सांगून ते उकरायला नकार दिला. दंडाधिकाऱ्यांचा उकरण्याचा अधिकार (फौजदारी प्रक्रियेचा कायदा म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १९६) मृत्यूच्या चौकशीसाठी आहे, जागेच्या चुकीसाठी नाही.

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. मुदत २ वर्षं. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पावतीवर "देणगी" लिहिलंय का ते आधी बघा. तसं असेल तर मोबदला देऊन सेवा घेतली हे सिद्ध करताना दमछाक होते. जागेचा क्रमांक किंवा "राखीव" असा शब्द असलेला कुठलाही कागद शोधा.

बिंदूचौक:
आणि दफनभूमी महापालिकेची असती तर?

पंचगंगाकाठ:
मग महापालिका अधिनियमाचं कलम ४८७ बघावं लागतं: आधी लेखी नोटीस, १ महिना थांबायचं, आणि घटनेपासून ६ महिन्यांच्या आत दावा. नोटिशीची पोच जपा, बरेच दावे इथंच अडकतात. रिट (महापालिकेविरुद्ध थेट उच्च न्यायालयात अर्ज) करायची झाली तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबई गाठायला नको.

दावा आईच्या नावानं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं मोफत वकिलासाठी अर्ज करा, स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

कसबाबावडा:
दुसऱ्या घराला प्रतिवादी करायला विसरू नका, नाहीतर त्यांच्या माघारी कुठलाच ठोस आदेश मिळणार नाही. पण नोटीस धाडण्याआधी एकदा भेटून या. त्यांचंही माणूस गेलंय आणि चूक त्यांची नाही. वडिलांच्या कबरीच्या दुसऱ्या बाजूची जागा मोकळी असेल तर ती समितीच्या ठरावानं, समिती आणि दोन्ही घरं अशा तिघांच्या सह्यांनिशी आईच्या नावावर करून घेणं सगळ्यात लवकर होतं.