ओसाकाहून हिमेजी किल्ला, रेल्वेने, सोबत आई: सल्ला हवा

चांदणवाट: नमस्कार मंडळी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी आणि आई जपानमध्ये, ओसाकात आहोत. एक दिवस हिमेजीसाठी राखून ठेवलाय, टूरवाल्यांशिवाय जायचंय. आई 67 वर्षांची, गुडघे दुखतात, पण तरुणपणी सिंहगड कितीदा तरी चढलेली. शिंकानसेनच, म्हणजे बुलेट ट्रेनच, घ्यावी का? किल्ला आईला झेपेल का? आम्ही शाकाहारी आहोत.

कोबेकर: शिंकानसेनची काही गरज नाही. ओसाका स्टेशनातून जेआरची (जपान रेल्वेची) 'शिन-काईसोकु', म्हणजे मोजक्या स्टेशनांवर थांबणारी जलद गाडी घ्या, तासाभरात हिमेजी. आरक्षणाची भानगड नाही, इकोका हे पैसे भरून ठेवायचं कार्ड फाटकावर टेकवलं की झालं. साधी लोकल मात्र टाळा, ती प्रत्येक स्टेशनात थांबते. जाताना डावीकडची खिडकी पकडा. कोबे मागे पडलं की सुमाजवळ समुद्र अगदी रुळांशेजारी येतो आणि पुढे आकाशीचा झुलता पूल दिसतो.

स्टेशनाबाहेर पडलात की समोर सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला पांढराशुभ्र किल्ला. चालत वीसेक मिनिटं, आईंसाठी बस आहे. तुम्ही साकुराच्या, म्हणजे चेरीच्या बहराच्या, ऐन दिवसांत जाताय, तेव्हा 9 ला दार उघडतं त्या वेळेला हजर राहा. मार्च 2026 पासून बाहेरगावच्या प्रौढांना तिकीट 2500 येन झालंय.

जेवणाचं जपून. भाजीच्या सूपमध्येही माशाचा 'दाशी', म्हणजे अर्क, असतो. उमेबोशीचे, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचे, ओनिगिरी (भाताचे गोळे) आणि फळं स्टेशनातच घेऊन ठेवा.

गडवेडी: आईंना नक्की न्या! तेन्शु, म्हणजे मधली उंच मुख्य इमारत, 1609 ची आणि अस्सल लाकडी. जुलै 1945 च्या बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख झालं. तेन्शुवर पडलेला बॉम्ब फुटला नाही, म्हणून ती आज उभी आहे. आत बूट काढून पिशवीत धरावे लागतात आणि जिने शिडीसारखे उभे आहेत. गुडघे दुखत असतील तर वर जाण्याचा हट्ट नको. उतरताना जास्त त्रास होतो.

पण माझं मत विचाराल तर खरा किल्ला तेन्शुकडे नेणाऱ्या वाटेत आहे. आपल्याकडे गोमुखी दरवाजा शत्रूला शेवटपर्यंत दिसत नाही. इथे वाटच इतकी वळणं घेते की तेन्शु समोर असूनही आपण तिच्यापासून लांब चाललोय असं वाटतं. काही दरवाजे इतके ठेंगणे की वाकूनच आत शिरावं लागतं. भिंतीत गोल, त्रिकोणी, चौकोनी जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, आहेत. आईंना एकेका जंगीतून खाली बघू द्या, कोणती वाट माऱ्यात येते ते त्या लगेच ओळखतील. सावकाश चाला, दोन तास त्यालाच द्या.

आणि एक दगड चुकवू नका. धाकट्या बुरुजाखालच्या भिंतीत जाळीमागे जात्याची एक तळी बसवलेली आहे. सोळाव्या शतकातला सरदार हिदेयोशी याला इथल्या बांधकामासाठी दगड कमी पडले, तेव्हा एका गरीब म्हातारीने आपलं जातं देऊन टाकलं, अशी कथा सांगतात. मी तिथे बराच वेळ उभी होते.

चांदणवाट: दोघांचेही मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वर तू एकटी जा, मला त्या जात्यापाशी सोड." लोकल टाळायचं, डाव्या खिडकीचं लिहून घेतलंय. तेन्शुत जाऊन यायला मला किती वेळ लागेल? तेवढा वेळ तिला बसायला जवळपास सावलीची जागा आहे का?

गडवेडी: गर्दी नसेल तर पाऊण तास धरा. तिकीटघराच्या अलीकडचं सान्नोमारूचं मोठं मैदान बघा. तिथे तिकीट लागत नाही, साकुराची झाडं आहेत आणि तेन्शु समोरच दिसते. आधी दोघी मिळून जातं बघा, मग तुम्ही तेन्शुत जा आणि आई बाहेर येऊन या मैदानात बसतील.